मैंदर्गीची सातवी

हवा पालटायला कुणी सोलापुराकडे जात नाही. महाबळेश्वरला जाऊन आलेली माणसं त्याचं वर्णन लिहितात, काशीला जाऊन आलेली तर न विचारता ऐकवतात. मी नाताळच्या सुटीत सोलापूरमार्गे मैंदर्गीला जाऊन आले. धूळ, ज्वारी आणि स्वतःची उडालेली फजिती यांखेरीज फारसं काही पाहिलं नाही, आणि तरीही लिहायला बसले आहे. शाळेत पंधरा वर्षं दुसऱ्यांचे निबंध तपासल्यावर माणसाला हा आजार जडतोच.

जाण्याचं कारण आधी सांगून टाकते, म्हणजे वाचकांना उगाच किल्ले-देवळांची वाट पाहायला नको. मैंदर्गीला माझी थोरली बहीण दिली आहे. आम्ही दोघीच. माहेर अकलूजचं. आक्काचं लग्न तेराव्या वर्षी झालं. मी पाच वर्षांनी धाकटी. मला वडिलांनी शिकवलं आणि मी पुण्याला मुलींच्या शाळेत मास्तरीण झाले. दोन वर्षांमागे आमची आई वारली. आक्का तिच्या शेवटच्या भेटीला पोचली नाही, आणि त्याचं कारण मी लिहिलेलं एक कार्ड होतं. "आईला थोडा ताप आहे. काळजीचं कारण नाही. धावपळ करून येऊ नकोस." अक्षर नेहमीसारखं वळणदार, शुद्धलेखनाची एक चूक नाही. पाचव्या दिवशी आई गेली.

आक्का दिवसांना आली, माझ्याशी कामापुरतं बोलली आणि तेरावा होताच परतली. त्यानंतर मी तिला अकरा पत्रं लिहिली. एकालाही उत्तर नाही. बाराव्यात फक्त तारीख आणि "येते" असं लिहून मी ट्रंक भरायला घेतली.

"बोलावलं नसताना?" यजमानांनी विचारलं.

"बहिणीकडे जायला बोलावणं लागत नाही," मी म्हटलं. बोलताना हे वाक्य मला फार बाणेदार वाटलं होतं. गाडी दौंडच्या पुढे गेली तसा त्यातला बाणेदारपणा ओसरू लागला.

सोलापूर

सकाळी स्टेशनाबाहेर पडले तोच गिरणीचा भोंगा झाला. मी दचकून ट्रंक पायावर पाडून घेतली. आजूबाजूच्या कुणाचं पाऊलही चुकलं नाही. पुण्यात आम्ही तोफेवर घड्याळं लावतो, इथं माणसं भोंग्यावर जगतात एवढाच फरक.

टांगेवाला म्हातारा मियाँ होता. "कां जाना बाई?" त्याने विचारलं. नवी पेठ म्हटल्यावर "कपडा लेना? हौ, बैठो" म्हणून त्याने माझ्या मनातलं ओळखलं. मला आक्कासाठी लुगडं घ्यायचं होतं. दोन वर्षांचा अबोला मोडायला चांगलं लुगडं हवं, असा माझा हिशेब होता.

दुकानदार विणकरांच्या घरातला होता. आतल्या बाजूला बायकोशी तेलुगूत आणि माझ्याशी मराठीत बोलत होता. गाव कोणतं ते त्याने आधी विचारलं आणि मैंदर्गी ऐकल्यावर डाळिंबी रंगाचं, रुंद काठाचं इरकली समोर टाकलं. "तिकडं हेच चालतं बाई," तो म्हणाला. पण मी पुण्याची. मला त्यात अभिरुची दिसेना. मी अगदी फिकट, पांढुरक्या गुलाबी रंगाचं एक लुगडं निवडलं. त्याने ते घडी करताना माझ्याकडे दोनदा पाहिलं. मला वाटलं, माझ्या निवडीचं त्याला कौतुक वाटतंय.

मैंदर्गीची वाट

अक्कलकोटपर्यंत सर्व्हिस मोटार होती. तिच्याबद्दल एवढंच सांगते की ती पोचली. पुढे बैलगाडी. कुणी न्यायला येईल अशी आशा नव्हती, पण मोटार थांबते तिथे एक उंच गडी गाडी सोडून उभा होता. आक्काच्या घरचा जुना माणूस, शिवप्पा. म्हणजे पत्राला उत्तर नसलं तरी गाडी होती. मला एकदम रडू आलं, ते मी धुळीवर ढकललं.

काळ्याभोर जमिनीत दुतर्फा ज्वारी डोक्याएवढी उभी होती आणि मधूनच करडईची पिवळी फुलं. मी हे सगळं मनात वाक्यं जुळवत पाहत होते. तेवढ्यात शिवप्पाने मागे न बघता विचारलं, "गुडगा कसा हाय आता?"

"कुणाचा?"

"तुमचाच की. पावसाळ्यात ठनकत हुता न्हवं?"

माझा गुडघा पावसाळ्यात ठणकत होता हे खरं. पण ते मी आक्काला पत्रात लिहिलं होतं. ते याला कसं कळलं, असं मी विचारलं.

"पत्रात हुतं की. पोस्टातलं मास्तर कट्ट्यावर वाचत्यात. येक डाव मराटीत, आक्कासाठी. मग येक डाव कानडीत, अत्तीसाठी." अत्ती म्हणजे आक्काची सासू. "लई झ्याक लिवता तुमी. मानसं जमत्यात ऐकाय." मग तो अगदी आपुलकीने म्हणाला, "मालक अजून घोरत्यात का?"

आक्काला वाचता येत नाही हे मला ठाऊक होतं. तिला माझी पत्रं कोण वाचून दाखवत असेल, हा प्रश्न मात्र मला इतक्या वर्षांत एकदाही पडला नव्हता. यजमानांचं घोरणं, माझ्या जावेचा स्वभाव, हेडमास्तरीणबाईंशी झालेलं भांडण, हे सगळं मी अत्यंत खाजगी म्हणून लिहिलं होतं. पुढचे दोन कोस मी पदर डोक्यावरून पुरता ओढून बसले.

आक्काचं घर

"आलीस व्हय. पाय धू," आक्का म्हणाली. केस पुष्कळ पांढरे झाले होते. तिने मला पाणी दिलं, गूळ दिला आणि चुलीकडे वळली. तिच्या सासूबाई सोप्यात बसल्या होत्या. सत्तरीच्या, ताठ, फक्त कानडी बोलणाऱ्या. त्यांनी मला नखशिखान्त पाहून काहीतरी विचारलं.

"अत्ती इचारत्यात, जेवलीस का," आक्काने सांगितलं.

दाजी, म्हणजे आक्काचे यजमान, तेवढे दोन शब्द हसून बोलले आणि बैलांकडे गेले. मी लुगडं काढून आक्काच्या हातात दिलं. तिने ते उजेडाकडे धरलं.

"ह्येच्यात रंग भरायचा ऱ्हायलाय का?"

"पुण्यात सध्या असेच रंग नेसतात."

"असतील," म्हणून तिने घडी घालून ते पेटीत ठेवलं.

दुसऱ्या दिवशी घरात पाय ठेवायला जागा नव्हती. मार्गशीर्षातल्या अमावस्येला त्या बाजूला वेळ अमावस्या, बोलीत येळामाशा, म्हणतात. त्या दिवशी गावंच्या गावं घराला कडी लावून उभ्या पिकात जेवायला जातात. त्यासाठी आदल्या दिवशी ज्वारीच्या पिठाची ताकातली आंबील मोठ्या मडक्यात आंबत घालतात, बाजरीचे उंडे, म्हणजे वाफवलेले गोळे, करतात, आणि वाल, तूर, हरभरा, वाटाणा असे हाताला येतील ते सगळे कोवळे दाणे एकत्र शिजवून घट्ट भज्जी करतात. मी मदत म्हणून एक भाकरी थापली. ती पाहून सासूबाई काही बोलल्या. आक्काने त्याचं मराठी केलं नाही.

मला बोलायचं होतं ते दुसरंच. मी चार वेळा "आक्का, आईच्या त्या वेळी..." अशी सुरुवात केली. चारही वेळा तिने माझ्यापुढे काम सरकवलं. पहिल्यांदा शेंगा सोलायला दिल्या, मग हरभरा, मग लसूण. चौथ्यांदा सोलण्यासारखं काही उरलं नव्हतं, तर सोललेलं निवडायला दिलं.

शेतावर

अमावस्येला सकाळी दोन गाड्यांतून आम्ही शेतावर गेलो. दाजींनी कडब्याच्या पेंढ्यांची खोप आधीच उभारली होती. पोचल्यावर सगळी माणसं आंबिलीचं मडकं घेऊन पिकाला फेरी घालायला निघाली. पुरुष ज्वारीवर आंबील शिंपडत कानडीत मोठ्याने काहीतरी म्हणत होते आणि मागून बायका. "तू गुडग्याची. सावलीला बस," असं आक्का मला म्हणाली. गुडघा सगळ्यांना पाठ होता, त्यामुळे वाद घालण्यात अर्थ नव्हता.

आता माझ्या एका व्यसनाची कबुली द्यायला हवी. आक्काच्या घरी चहा फक्त आजाऱ्याला देत. मला दोन दिवस चहा मिळाला नव्हता आणि डोकं ठणठणत होतं. पिशवीत मी पुण्याहून चहाची पूड, लहान पातेली आणि कपबशी आणली होती. पाणी होतं, गूळ होता, तुराट्या होत्या. चूल तेवढी नव्हती.

आणि विहिरीच्या काठी कुणीतरी सात गोल धोंडे स्वच्छ धुऊन उन्हात ठेवले होते. मला फार कौतुक वाटलं. मी मनात म्हटलं, काय टापटीप लोक आहेत, चुलीचे दगडसुद्धा धुऊन ठेवतात. परत गेल्यावर मुलींना हे सांगायचं असंही ठरवून टाकलं. त्यातले एका उंचीचे तीन निवडले, खोपीच्या आडोशाला मांडले, जाळ केला आणि वर पातेली ठेवली.

पाण्याला आधण आलं तोच फट्कन आवाज झाला. एक धोंडा मधोमध उकलला आणि पातेली कलली. चपळाई करून मी चहा वाचवला. सगळे परत आले तेव्हा मी बशीत ओतून पीत होते.

सासूबाई सरळ विहिरीकडे गेल्या. आक्का मागून चुन्याची वाटी आणि हळदीकुंकू घेऊन येत होती. सासूबाईंनी बोटाने मोजलं, "ओंदु, येरडु, मूरु, नाल्कु." चारावर त्या थांबल्या. मग त्यांनी खोपीकडे पाहिलं.

"बने," आक्का अगदी हळू म्हणाली, "त्या साती आसरा हायेत."

साती आसरा म्हणजे पाण्यापाशी राहणाऱ्या सात बहिणी. मी चौथीच्या मुलींना त्यांच्याबद्दल शिकवतेही. वर्षातून एकदा त्यांना जागेवरून काढून न्हाऊ घालतात, उन्हात वाळवतात, चुना-हळद लावतात आणि पुन्हा ओळीने बसवतात. त्यांतल्या दोघी माझ्यामुळे काजळीने काळ्या झाल्या होत्या आणि तिसरी दोन तुकडे होऊन पडली होती. माझ्या हातात बशी होती, ती कुठे ठेवावी ते सुचेना.

"बहिणीनं येऊन बहीण फोडली," शेजारच्या शेतातून आलेली एक बाई दुसरीला म्हणाली. ते आक्काने ऐकलं आणि मीही.

सासूबाई कानडीत चार शब्द बोलल्या. आक्काने चुन्याची वाटी खाली ठेवली आणि ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "अत्ती म्हनत्यात, फुटल्याली हिरीत सोडायची. वड्यातनं सातवी आनायची. जिच्या हातानं ग्येली तिनंच आनायची, पर येकटीनं न्हाई. तिच्या बहिणीनं संगट जायाचं. येकटीनं आनल्याली बहीण हितं बसत न्हाई."

ओढा शेताच्या खालच्या अंगाला होता. डबक्या-डबक्यांनी पाणी उरलेलं. मी पुढे जाऊन एकेक धोंडा दाखवू लागले आणि आक्का नाकारू लागली. एक चपटा निघाला, एक फार लहान. एक मला छान वाटला तर म्हणाली, "ह्यो तुज्यावानी. वरनं गुळगुळीत, खाली टोक." मी तो खाली ठेवला.

"आक्का," मी म्हटलं. इथे तिच्यापाशी मला सोलायला द्यायला काही नव्हतं. "तो ताप थोडा नव्हता. मला माहीत होतं."

ती धोंडा धूत होती. हात थांबले.

"आई तापात तुझंच नाव घ्यायची. मी उशाशी बसलेली, औषध मी देत होते, रात्रंदिवस मी, आणि ती डोळे उघडून मला विचारायची, आक्का आली का. सारखं तेच. मला राग आला गं. म्हणून लिहिलं, येऊ नकोस."

"माजं नाव घ्यायची?"

"हो."

"आक्का आली का म्हनायची?"

"शेवटच्या दिवशीसुद्धा."

आक्का पाण्यात हात तसेच ठेवून रडली. मी तिच्या पाठीवर हात ठेवायला गेले तर तिने खांद्याने झटकून टाकला. मग पदराने डोळे पुसून म्हणाली, "राग आला आसंल. मानसाला येतो. पर ती हाक माजी हुती, बने. ती तू दोन वर्सं दाबून धरलीस. अकरा पत्रं धाडलीस, घोरनं लिवलंस, गुडगा लिवलास, त्येवडंच लिवलं न्हाईस."

निबंधात मी याला मुद्दा सोडून लिहिणे म्हणते आणि गुण कापते.

मग ती पुढे बोलू लागली. "मास्तरनी त्ये कार्ड वाचलं आन म्हनलं, अक्षर नेहमीचं न्हाई, हललंय. आजच्या आज जा. समद्यांम्होरं म्हनलं. आन मी म्हनलं, शिकल्याली हाय तितं, माजं काय काम हाय. तू तिच्यापाशी हुतीस ह्येचाच मला राग. म्हनून बसून ऱ्हायले."

मी ते कार्ड वळणदार अक्षरात लिहिलं अशी माझी आजवर समजूत होती.

"म्हनून तुजा राग ग्येला आसं समजू नगंस," ती तोंडावर पाणी मारत म्हणाली. "उचल त्यो धोंडा."

"हा जरा वाकडा आहे. नीट बसणार नाही."

"बसंल. मला भूक लागलीया."

धोंडा मोठा होता. दोघींनी तिच्या पदरात घालून एकेका बाजूने धरला आणि चढ चढलो. माझ्या गुडघ्याची विचारपूस तिने एकदाही केली नाही. वर आल्यावर काळ्या झालेल्या दोघींना मी राखेने घासलं, आक्काने पाणी घातलं. मग सातही जणींना चुना, हळद आणि हिरव्या बांगड्या मिळाल्या. नवी एका बाजूला झुकलेली होती. आक्काने तिच्याखाली खडा सारला. जेवताना मी आधी आंबवलेल्या पदार्थांवर थोडं बोलले आणि नंतर आंबिलीच्या तीन वाट्या प्याले.

परत

निघताना आक्काने माझ्या ट्रंकेत शेंगांची चटणी आणि उंडे घातले. "ये" म्हणाली नाही. शिवप्पाने गाडी जुंपली. गाव मागे पडल्यावर मी त्याला म्हटलं, "तुमच्या अत्ती कडक दिसतात, पण मनाने मोठ्या. बहिणीबहिणींनी मिळून सातवी आणायची, ही रीत किती चांगली आहे."

"कुटली रीत?"

"त्या कानडीत बोलल्या ती."

शिवप्पा हसला. "अत्ती म्हनल्या, दुसरा धोंडा आना, जेवान निवतंय. येवडंच." मग बैलाची शेपटी मुरगाळत म्हणाला, "बाकीचं आक्काचं."

चार शब्दांचं भाषांतर पाच वाक्यांचं झालं तरी मास्तरणीच्या ते ध्यानात आलं नव्हतं.

पुढे तो आपण होऊन बोलला. मास्तरांनी साऱ्या गावादेखत जा म्हणून सांगितलं होतं, तरी आक्का आईला भेटायला गेली नाही. दोन वर्षं झाली, बाया पाणवठ्यावर अजून ते काढतात. "सख्ख्या आईला ग्येली न्हाई म्हनत्यात. आक्का कुनाला उत्तर देत न्हाई. तुमचं कार्डच तसं हुतं म्हनून सांगायचं की, पर त्ये बी सांगत न्हाई."

पुण्याला पोचल्यावर मी आधी चहा घेतला आणि मग तेरावं पत्र लिहायला बसले. चार पानं झाली. त्यात आईचा ताप किती होता ते लिहिलं, तिने कुणाला हाक मारली ते लिहिलं, आणि येऊ नकोस असं मी कशासाठी लिहिलं तेही लिहिलं. आक्काला हे सगळं मी ओढ्यात सांगितलंच होतं. पत्र कट्ट्यासाठी होतं. अक्षर मोठं काढलं, अवघड शब्द टाळले, म्हणजे मास्तरांना कानडी करताना अडचण येऊ नये. पत्र पेटीत टाकताना यजमान सोबत होते. त्यांना आपल्या घोरण्याचं या वेळी काही नाही ना, एवढीच काळजी होती.

पंधरा दिवसांनी कार्ड आलं. अक्षर पोस्टमास्तरांचं, वरचा मायना त्यांचा. खालचं त्यांनी आक्का बोलली तसंच उतरवलं होतं.

"चि. बनूस अनेक आशीर्वाद. पत्र मास्तरनी वाचलं. समदी हुती. पान्यावरच्या बाया बी हुत्या. मी आत ग्येले न्हाई, हितंच बसून ऱ्हायले. अत्तीनं आईची हाक तेवडी दोनदा वाचाय लावली. तुजं लुगडं सनाला नेसले, समदी इचारत्यात धुवून रंग ग्येला का. सातवी कलतीया. तीनदा खडा लावला. अत्ती म्हनत्यात, बदलून टाक. मी म्हनलं ऱ्हाऊ द्या, कलती तर कलती, आपली हाय. फुडच्या येळामाशेला ये. चा प्यायचा आसंल तर धोंडे पुन्याहून आन."